आहारविधिविशेषायतने आणि पाकिटावरील लेबल

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांत आहाराचे स्थान पहिले आहे, हे आपणा वैद्यबंधुभगिनींना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. औषधयोजना लिहून झाल्यावर चिठ्ठीच्या तळाशी पथ्यापथ्याच्या दोन ओळी लिहिण्याची आपली रीत आहे. ‘गोड वर्ज्य, मैदा टाळावा, तळलेले कमी, मीठ बेताचे’ अशा त्या ओळी असतात. अन्न घरच्या चुलीवर शिजत होते तोपर्यंत एवढी सूचना पुरेशी होती. कारण भाजीत मीठ किती पडले आणि लाडवात गूळ किती गेला हे घरातील बाईला ठाऊक असे. आता न्याहारीपासून मधल्या वेळच्या खाण्यापर्यंत बरेचसे अन्न पाकिटातून येते. त्यात काय किती आहे हे सांगणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे पाकिटाच्या पाठीमागील बारीक अक्षरांतील लेबल. हे लेबल रुग्ण वाचत नाहीत अशी आपली तक्रार असते. ते आपण स्वतः किती वाचतो, हा प्रश्न आम्हाला एका रुग्णेमुळे पडला.

साधारण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचावन्न वर्षे वयाच्या एक शिक्षिका प्रमेहासाठी आमच्या चिकित्सालयात येत असत. त्यांची आधुनिक औषधे चालू होती, सोबत आमची चिकित्सा होती. तरीही दोन तपासण्यांत रक्तशर्करा उतरण्याऐवजी चढली. ‘‘डॉक्टर, मी साखर केव्हाच सोडली. चहासुद्धा बिनसाखरेचा घेते,’’ असे त्या काकुळतीने सांगत. त्या खोटे बोलत नव्हत्या. ‘‘ताई, घरात पाकिटातले जे जे आहे ते पुढच्या वेळी घेऊन या,’’ असे आम्ही सुचविले. पुढील भेटीस त्या सुनेबरोबर एक कापडी पिशवी घेऊन आल्या. बहुधान्य बिस्किटे, फळांच्या रसाचा खोका, मसाला ओट्स, खाकरे आणि नातवासाठी आणलेली, पण त्याही रात्री दुधातून घेत असलेली पौष्टिक पूड असा ऐवज टेबलावर मांडला गेला. पिशवीच्या तळातून शेवटी एक अवलेहाची बाटली निघाली. ती आमच्याच चिठ्ठीवरून, शेजारच्या औषधालयातून घेतलेली होती. ती बाटली फिरवून तिच्यामागील मजकूर आम्ही त्या दिवशी प्रथमच वाचला.

प्रस्तुत लेख त्या दिवशी सुरू झालेल्या अभ्यासातून झाला आहे. लेबल वाचण्यासाठी आपल्याला नवे शास्त्र शिकावे लागत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराच्या परीक्षणासाठी प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आठ आयतने सांगितली आहेत. लेबलावरील प्रत्येक ओळ या आठांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर असते, आणि जेथे लेबल मौन पाळते तेथे वैद्याने बोलायचे असते.

प्रकृति : घटकांची यादी

आपल्या देशात वेष्टित अन्नाची लेबले २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली येतात. सध्याचे मुख्य नियम २०२० सालचे, लेबलिंग आणि प्रदर्शनाविषयीचे आहेत. त्यांनुसार घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात. जे सर्वांत अधिक ते पहिले. म्हणून दर्शनी भागावर काहीही छापलेले असो, यादीतील पहिली तीन नावे हीच त्या पदार्थाची खरी प्रकृती समजावी. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. हे नाव पहिले असेल तर पाकिटावर कणसांचे चित्र असले तरी तो मैद्याचाच पदार्थ आहे.

दुसरा नियम अधिक उपयोगी आहे. एखाद्या घटकाचा शब्दाने अथवा चित्राने पुढे उल्लेख केला असेल तर त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते. नाचणीच्या बिस्किटात नाचणी किती, बहुधान्यात प्रत्येक धान्य किती, हे तेथे कंसातील आकड्यावरून कळते. आमच्या रुग्णेच्या बहुधान्य बिस्किटांत मैदा पहिला, साखर दुसरी आणि खाद्यतेल तिसरे होते. ज्या धान्यांचे नाव पुढे मिरवले होते ती एकेक-दोनदोन टक्के होती.

साखर मात्र नावे बदलून येते. शुगर, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, गूळ आणि मध ही सारी एकाच घराण्यातील. चार नावांत विभागली गेली की यादीत प्रत्येकीचे स्थान खाली जाते, परंतु बेरीज तीच राहते. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टापासून केलेला पदार्थ कोष्टकात साखर म्हणून मोजला जात नाही, पण रक्तशर्करा तो झपाट्याने वाढवितो. प्रमेही रुग्णाच्या पौष्टिक पुडीत हे नाव आहे किंवा नाही हे अवश्य पाहावे.

करण : संस्कार

करण म्हणजे संस्कार, द्रव्याच्या गुणात पालट घडविणारी क्रिया. लेबलावर त्याचा पूर्ण वृत्तांत नसतो, परंतु खुणा असतात. ‘तळलेले’, ‘भाजलेले’, ‘रिफाइंड’, ‘हायड्रोजनेटेड’, ‘इंटरएस्टरिफाइड’ हे शब्द संस्कारवाचक आहेत. ‘खाकरा’ म्हटल्यावर तो भाजलेलाच असेल असे आपण गृहीत धरतो. यादीत तेलाचे स्थान कितवे आणि कोष्टकात स्निग्धांश किती, हे पाहिल्यावर काही वेळा वेगळेच दिसते.

ट्रान्स फॅटविषयी एक चांगली गोष्ट नमूद केली पाहिजे. तेल व स्निग्ध पदार्थांतील त्याची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. मात्र बेकरीतून सुटी घेतलेली खारी, बटर आणि टोस्ट यांना लेबलच नसते. तेथे रुग्णाला वाचायला सांगून उपयोग नाही, प्रमाणाविषयीच सांगावे लागते.

मधाबद्दल आपल्या शास्त्राची भूमिका स्पष्ट आहे. मध तापविणे निषिद्ध मानले आहे. ‘मधयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भाजीव पदार्थात मध यादीच्या शेवटी, नाममात्र असतो आणि तोही भट्टीतून गेलेला असतो. त्या शब्दासाठी रुग्णाने अधिक पैसे मोजू नयेत, इतके आपण निःसंकोच सांगू शकतो.

संयोग : क्रमांकांच्या मागील द्रव्ये

यादीच्या शेवटी क्रमांक दिसतात. ते मिश्रद्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक होत. सर्वच क्रमांक भयप्रद नाहीत. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ३२२ म्हणजे लेसिथिन, ५०० म्हणजे सोड्याचा वर्ग. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग, ९५१ व ९५५ म्हणजे अनुक्रमे अस्पार्टेम आणि सुक्रालोज ही कृत्रिम गोडी. ‘क्रमांक दिसला की विष’ असे रुग्णाला सांगणे शास्त्रीय नाही आणि त्याने आपल्याच शब्दाची किंमत कमी होते. मात्र रंग, सुगंध, स्वादवर्धक आणि गोडी यांची रांग लागलेली असेल, तर मूळ अन्नद्रव्याचा रस किती उरला आहे याचा विचार अवश्य करावा. दूध व आंबट फळे यांच्या संयोगाविषयीचा शास्त्रनिषेध आपण शिकलो आहोत. फळांच्या स्वादाचे दूधपेय हाती घेताना तो आठवावा.

राशि : येथेच बहुतेकांची फसगत होते

राशीचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन भाग सांगितले आहेत. एकूण आहाराची मात्रा हा सर्वग्रह, त्यातील एकेका द्रव्याची मात्रा हा परिग्रह. पोषणकोष्टक म्हणजे दुसरे काही नव्हे, तो परिग्रहच आहे. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, त्यांपैकी वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट आणि सोडियम असा त्याचा क्रम असतो. हे आकडे सामान्यतः १०० ग्रॅम अथवा १०० मि.ली. साठी असतात. त्याखेरीज एका ‘सर्व्हिंग’मधून दैनंदिन गरजेचा किती टक्के भाग मिळतो हेही दिलेले असते. त्यासाठी आधारभूत धरलेले आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत : ऊर्जा २,००० किलोकॅलरी, स्निग्धांश ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २,००० मि.ग्रॅ.

फसगत होते ती ‘सर्व्हिंग’ या शब्दापाशी. समजा, चिवड्याच्या १५० ग्रॅमच्या पाकिटात दर १०० ग्रॅमला ९०० मि.ग्रॅ. सोडियम आहे आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमचे दाखविले आहे. एका सर्व्हिंगमध्ये २७० मि.ग्रॅ., म्हणजे दिवसाच्या सुमारे १४ टक्के. आकडा निरुपद्रवी वाटतो. परंतु दूरदर्शनसमोर बसलेले दोघे ते पाकीट संपवितात तेव्हा १,३५० मि.ग्रॅ. पोटात जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाच्या तृतीयांशाहून अधिक सोडियम येते. जेवण अजून व्हायचेच असते.

सोडियमवरून मीठ काढण्याचे सूत्र सोपे आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे. २,००० मि.ग्रॅ. सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, चहाचा एक सपाट चमचा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा हीच आहे. ज्या अध्यायात ही आठ आयतने आहेत त्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग करू नये असे बजावले आहे. पापडातील मीठ आणि पापडखार, फुगविलेल्या बिस्किटातील मीठ आणि सोडा या दोन्ही जोड्या कोष्टकात सोडियम याच एका ओळीत उतरतात. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने खारट लागत नाही एवढ्यावर विसंबू नये. गोड बिस्किटातही सोडियम असते.

देश आणि काल

उत्पादकाचे नाव-पत्ता, आयात माल असल्यास मूळ देश आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक ही देशाची माहिती होय. काल म्हणजे उत्पादनाची अथवा वेष्टनाची तारीख आणि वापरण्याची अंतिम तारीख. ‘बेस्ट बिफोर’ गुणवत्तेविषयी सांगते, ‘एक्स्पायरी’ अथवा ‘यूज बाय’ ही अंतिम तारीख. दोन्ही तारखा बंद पाकिटासाठी आहेत. पाकीट फोडल्यानंतर ‘थंड ठेवा व इतक्या दिवसांत संपवा’ ही सूचना लागू होते, आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही. नित्यग कालाचा, म्हणजे ऋतूचा, विचार लेबल करीत नाही. वर्षा ऋतूत मंदाग्नीच्या रुग्णाला पाकिटातील थंडगार श्रीखंड चालेल किंवा कसे, हे तारखेवरून ठरत नाही.

उपयोगसंस्था आणि उपयोक्ता

भूक लागल्यावर, पूर्वीचे पचल्यावर, मन लावून खावे या उपयोगसंस्थेबद्दल लेबल मुके आहे. उपयोक्त्याबद्दल ते बोलते, पण मोजके. हिरवे शाकाहारी चिन्ह, आणि गहू, दूध, शेंगदाणे, सोयाबीन अशा वावडे असू शकणाऱ्या द्रव्यांची सूचना एवढेच त्याच्या हाती असते. वर सांगितलेली टक्केवारी २,००० किलोकॅलरींच्या सरासरी प्रौढासाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाला, वृद्धाला वा प्रमेहीला ती जशीच्या तशी लागू होत नाही.

पौष्टिक पुडीचेच उदाहरण घेऊ. समजा, १०० ग्रॅम पुडीत घातलेली साखर ३२ ग्रॅम आहे आणि सर्व्हिंग २० ग्रॅमचे. एका पेल्यास ६.४ ग्रॅम साखर होते. आजी मात्र शीग लावून ३० ग्रॅम घालते, दिवसातून दोन वेळा देते आणि वर दर पेल्यास एकेक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, साखर टाकते. हिशेब २९ ग्रॅमवर जातो. मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली आल्यास अधिक बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले. प्रौढाच्या बाबतीत हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. त्या बालकाने ही सीमा केवळ दुधातूनच ओलांडली.

दर्शनी भागावरील शब्द

‘शुगर फ्री’ म्हणण्यास १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमहून अधिक असता कामा नये. परंतु त्या पदार्थात मैदा व तूप किती हे तो शब्द सांगत नाही. गोडीसाठी माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखी द्रव्ये असतील तर अधिक मात्रेत आध्मान व द्रवमलप्रवृत्ती होऊ शकते. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे साखर वरून घातलेली नाही एवढेच, फळाची स्वतःची साखर असतेच. म्हणून ‘एकूण साखर’ ही ओळ पाहावी. ‘ट्रान्स फॅट फ्री’ हा दावा १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असता करता येतो. ‘नॅचरल’, ‘पारंपरिक’, ‘आजीच्या हातचे’ या शब्दांवरून साखर व मीठ किती ते कळत नाही.

प्राधिकरणानेही अलीकडे काही पावले उचलली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये ई-विक्रेत्यांना दूध, धान्य वा माल्टवर आधारित पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात न दाखविण्यास सांगण्यात आले. जून २०२४ मध्ये पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या फळरसांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचा निर्देश निघाला.

आपल्या मांडणीवरील बाटल्या

आता त्या अवलेहाच्या बाटलीकडे वळू. आयुर्वेदीय औषधाच्या लेबलास औषध नियमावलीतील नियम १६१ लागू होतो. घटकद्रव्ये व त्यांचे प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना या गोष्टी त्यावर येतात, पोषणकोष्टक मात्र सक्तीचे नाही. आमच्यासमोरील बाटलीवर दर १० ग्रॅममधील वनस्पतींची यादी मि.ग्रॅ.मध्ये होती आणि शेवटी ‘शर्करा – आवश्यकतेनुसार’ एवढेच होते. वनस्पतींची ढोबळ बेरीज ४ ग्रॅमच्या आत भरली. उरलेला भाग पाकाचा, स्नेहाचा व मधाचा. आम्ही लिहिलेली मात्रा सकाळ-संध्याकाळ १० ग्रॅम होती. म्हणजे जिने चहातील साखर सोडली होती, तिला आम्हीच रोज दोन-अडीच चमचे साखर औषध म्हणून देत होतो.

यात योगाचा दोष नाही. च्यवनप्राशाच्या मूळ पाठातही मत्स्यंडिका आहेच, ती भेसळ नव्हे. दोष आमच्या न वाचण्याचा होता. हेच कफनाशक पाकांना, गुलकंदाला, गुळाच्या वट्यांना आणि किण्वनानंतर काही अंशी गोडी उरणाऱ्या आसव-अरिष्टांना लागू आहे. प्रमेहीस आमलकी द्यायचीच असेल तर चूर्ण अथवा स्वरस आहे, अवलेहाचाच आग्रह नको.

औषधालयचालक मित्रांसाठी आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. २०२२ पासून ‘आयुर्वेद आहार’ हा स्वतंत्र अन्नवर्ग झाला आहे. त्यावर त्याचे बोधचिन्ह व अन्न परवाना क्रमांक असतो आणि तो केवळ आहारार्थ असतो. औषधे त्यात मोडत नाहीत. दोन वर्षांखालील बालकांसाठी तो नाही. एकाच फळीवर औषध, आयुर्वेद आहार आणि साधी आवळा-कँडी शेजारी मांडली की ग्राहक तिन्ही औषधच समजतो. फळ्या वेगळ्या कराव्यात, ही आमची विनंती आहे.

काय करता येईल

नियमानुसार लेबल इंग्रजीत अथवा देवनागरी हिंदीत असले म्हणजे पुरते. मराठीची सक्ती नाही आणि अक्षर बारीक असते. ज्या आजीच्या हाती घराचा डबा असतो, तिलाच ते वाचता येत नाही. म्हणून आम्ही चिकित्सालयात पुढील क्रम ठेवला आहे.

१. प्रमेह, स्थौल्य, रक्तदाब व हृद्रोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णास दुसऱ्या भेटीत घरातील पाकिटे, निदान रिकामी वेष्टने, आणण्यास सांगणे.

२. एका पुठ्ठ्यावर साखरेची दहा नावे, मैद्याचे इंग्रजी नाव आणि ‘सोडियम’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, इंग्रजी छापील रूपाच्या शेजारी मराठीत लिहून देणे. अर्थ न कळला तरी आकार ओळखता येतो.

३. प्रश्न तीनच शिकविणे : पहिली तीन नावे कोणती? घातलेली साखर व सोडियम किती? आणि मी खाणार किती, सर्व्हिंगइतके की पाकीटभर?

४. दोन पाकिटांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करणे, सर्व्हिंगवरून नव्हे.

५. अगदी लहान पाकिटांना पोषणकोष्टकातून सूट असते. कोष्टक नाही म्हणजे दोष नाही, असे समजू नये.

६. ज्या पदार्थाला लेबलच लागत नाही, अशा ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, ताक, हंगामी फळ यांचा पर्याय प्रत्येक वेळी नावानिशी सुचविणे. केवळ ‘हे खाऊ नका’ म्हटल्याने कुटुंबाचा डबा भरत नाही.

औषधालयातही विक्रेत्याने अवलेह देताना ‘घरात कोणाला मधुमेह आहे का’ एवढे विचारले तर एखादी बाटली कमी खपेल, पण ग्राहक टिकेल.

त्या शिक्षिकाबाईंची अवलेहाची बाटली आम्ही बंद केली, रात्रीची पूड व खोक्यातील रस त्यांनी स्वतःच थांबविला. इतर चिकित्सा तीच राहिली. पुढच्या तपासणीत रक्तशर्करा उतरली. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडण्याचा आमचा हेतू नाही. मात्र जाताना त्यांनी सहज विचारले, ‘‘डॉक्टर, हे वाचायचे असते तर पहिल्या दिवशीच का नाही सांगितलेत?’’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. आजच्या काळात ते निदान पुष्कळदा पाकिटाच्या पाठीवर छापलेले असते. ते वाचण्याची सवय प्रथम आपण लावून घ्यावी आणि मग रुग्णास सांगावे, एवढीच वाचकांस नम्र विनंती.